आमरीचे अकरा मासे

नाना, परवा सकाळी आमरी नदीवरून गेंदालालचा फोन आला. मी डबा भरत होते. तो नेहमीसारखा घाईघाईत बोलला, "मैडम, नदी चढ गई है, कुंड भर रहे हैं. साहब को लेके आ जाओ." तुमच्या तेराव्याला तो दोन बस बदलून आला होता, पंगतीत बसून जेवून गेला होता, तरी सवयीनं तोंडातून निघून गेलं. मग पलीकडून नुसतं "अरे" ऐकू आलं आणि त्यानं फोन ठेवून दिला. मी पोळ्या तशाच ओट्यावर ठेवल्या आणि तुमच्या खोलीत जाऊन बसले.

पेपरात द्यायला अविनाशनं तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. शिक्षण, सरकारी नोकरी, सब-इंजिनिअर म्हणून केलेली कामं, मागे मुलगा, सून, नातू असा परिवार. सगळं बरोबर आहे. पण शेवटची चार वर्षं तुम्ही ज्या ध्यासानं जगलात तो त्यात कुठेच नाही. एका आडबाजूच्या नदीवर तुम्ही स्वतः बांधलेला बंधारा, आणि त्याच्या भिंतीखाली अडकलेले मासे कसे वर चढवायचे, हे एकच तुमच्या डोक्यात असायचं. आणखीही एक गोष्ट त्यात नाही, कारण ती फक्त आपल्या दोघांना माहीत होती. अकरा मासे मेले, त्याचा दोष तुम्ही तीन वर्षं आपल्या माथ्यावर घेऊन फिरलात. चूक माझी होती. तुम्ही होतात तोवर हे मी कुणाजवळ बोलले नाही. तुमच्याजवळसुद्धा नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं छोड ना, भिया." सुनेला भिया, म्हणजे चक्क भाऊ, म्हणणारा सासरा मी सांगलीत कधी पाहिला नव्हता. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा तुमची मराठी मला निम्मीच कळायची. "मेधा, जरा खिडकी लावून टाक, मच्छर घुसतील" म्हणालात की मी आधी मनात भाषांतर करायची आणि मग खिडकी लावायची. एकदा मी तुमचं बोलणं सुधारायला गेले. तेव्हा तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "हे बघ, आमचे पणजोबा संस्थानाच्या पागेत नोकरीला आले. तेव्हापासून आमची मराठी इथलंच खाते-पिते आहे. थोडी तो बदलणारच ना." मला गप्प बसवणारे लोक थोडेच आहेत, आणि तुम्ही ते हसत हसत करायचात.

आमरीचा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून मी मुलांना घेऊन नदीची पाहणी करत होते. महूच्या पुढे घाट उतरला की आमरी लागते आणि खाली जाऊन नर्मदेला मिळते. नर्मदेत एक मोठा खवल्यांचा मासा आहे. पुस्तकं त्याला महाशीर म्हणतात, तिथले केवट लोक बाडस म्हणतात. पावसाळ्यात नद्या चढल्या की बाडस नर्मदेतून प्रवाहाच्या उलट पोहत छोट्या नद्यांत शिरते आणि वरच्या स्वच्छ, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालते. मी तुम्हाला अगदी तासाला शिकवल्यासारखं सांगत होते. बंधाऱ्याच्या खाली मासे सापडतात, वर एक पिल्लूही नाही. भिंत आडवी आली, म्हणून त्यांची वाटच संपली.

"कुठला बंधारा?" तुम्ही विचारलंत. मी जागा सांगितली. आमटीवर शेव घालायला उचललेला चमचा तुम्ही तसाच डब्यात परत ठेवलात, उठलात, आणि आतून एक नकाशाची गुंडाळी घेऊन आलात. ताटं बाजूला सारून ती टेबलावर पसरलीत. कोपऱ्यात तुमची सही होती.

"हा तर माझा आहे," तुम्ही म्हणालात.

तो बंधारा आपल्या घरात कौतुकाचा विषय होता हे मला ठाऊक होतं. दर हिवाळ्यात तिथे दाल-बाफल्यांची सहल निघायची. अविनाशचे लहानपणीचे निम्मे फोटो त्या भिंतीवर बसून काढलेले आहेत. पण तो हाच, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही कागदावरच्या भिंतीच्या रेघेवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "मेधा, आम्ही सगळं विचारलं होतं. किती शेतं भिजतील, पूर किती येईल, भिंत किती वर्षं टिकेल. मासे कुठून जातील हे कुणी विचारलंच नाही. मी पण नाही." त्या दिवशी तुम्ही भात घेतला नाहीत. मला वाईट वाटलं, आणि मी सांगितलं कसं त्याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी मी गाडीची किल्ली शोधत होते तेव्हा तुम्ही टोपी, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन आधीच गाडीत बसलेले होतात.

गेंदालालची आणि तुमची पहिली भेट मला अजून दिसते. लहान चणीचा, पन्नाशीचा माणूस, बोलणं अगदी मोजकं. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगलेल्या केवटांचा तो तिथला म्होरक्या. त्यानं तुमच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. "आपने बनाया?" तुम्ही हो म्हणालात. "तो मछली को रास्ता भी आप ही दो," तो म्हणाला. तुम्ही मोठ्यानं हसलात. तो हसला नाही.

त्याचं खरं होतं. पावसाळ्यात भिंतीशी येऊन थडकणारे मासे टोपलीनं उचलावेत इतके असायचे, तेव्हा केवटांना बंधारा वरदानच वाटला होता. मग दरसाल ते कमी होत गेले. वर अंडी नाहीत तर खाली मासे कुठून येणार, हे त्यांना आमच्या पाहणीशिवायही कळलं होतं. वरच्या अंगाला मात्र राधेश्याम पाटीदार आणि त्याच्यासारख्यांची शेतं होती, त्यांचा हिवाळ्यातला गहू याच बंधाऱ्यावर उभा होता. "मछली के चक्कर में हमारा गेहूं सूख जाएगा," तो पहिल्या बैठकीत म्हणाला आणि निघूनच चालला. तुम्ही त्याला हाताला धरून भिंतीवर नेलंत. भिंतीला कुणी हात लावणार नाही. कडेनं दगडांची छोटी छोटी कुंडं बांधायची, एकाहून एक जरा उंच, म्हणजे मासा एकातून दुसऱ्यात उडी घेत वर जाईल. आणि पावसाळा संपला की वरच्या तोंडाला फळी लावून पाणी बंद करायचं. "फळी कोण लावणार?" त्यानं विचारलं. "तुम्हीच," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून फळी पाटीदारच्या ताब्यात आहे, आणि तो ती कुणाला शिवूही देत नाही.

पण कुंडं बांधायला हिवाळ्याची वाट बघायला हवी होती, आणि पावसाळा तर तोंडावर आलेला. तेव्हा तुमच्याच डोक्यातून निघालं की या वर्षी मासे आपण उचलून वर सोडू. केवट मऊ जाळ्यानं धरतील, पाटीदारची ट्रॉली, आपले ड्रम. सगळ्यांना ते पटलं. तुम्ही दोन निळे ड्रम पैदा केलेत आणि अंगणात बसून राखेनं घासलेत. साबण लावू नका, माशांना बाधतो, असं मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं. एवढी मी दक्ष!

आता ते सांगते, जे आजवर टाळलं. इंदूरला नळाला पाणी येतं ते नर्मदेचं, तिकडून पंपानं चढवून आणलेलं. म्हणून इथे कुणी पाणी आलं म्हणत नाही, नर्मदा आली म्हणतात. आपल्या गल्लीत ती एक दिवसाआड येते. त्या शुक्रवारी संध्याकाळी ती आली होती. मी टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते, मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला होता आणि परीक्षा विभागातल्या कुणाशी तरी तावातावानं भांडत होते. तुम्ही दारात आलात. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात रबरी पाइप. "मेधा, नदीचं पाणी तर एकदम मटमैलं आहे. मासे घाबरतील. ड्रममध्ये आपली नर्मदाच भरून टाकू का? मासे पण तिचेच तर आहेत."

मी मानही वर केली नाही. "हो नाना, चालेल, भरा."

मला आठवतं, तुमचं ते "मासे तिचेच" मला गोडही वाटलं होतं. मी पान उलटलं.

प्रयोगशाळेतल्या टाक्यांसाठी नळाचं पाणी घ्यायचं असेल तर ते दोन दिवस उघडं ठेवावं लागतं, नाहीतर त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणून तर तुम्ही विचारायला आला होतात. ज्याला विचारायला हवं, बरोबर त्याच माणसाला विचारलंत.

दुसऱ्या दिवशी गेंदालालनं एकेक बाडस ओल्या फडक्यात धरून दोन्ही हातांनी ड्रममध्ये सोडली. अकरा मिळाल्या. त्याची बायको हात जोडून उभी होती. ट्रॉली गावाला वळसा घालून वर पोचायला बराच वेळ लागला. झाकण काढलं तेव्हा निम्म्या उलट्या झाल्या होत्या, बाकीच्या आमच्या डोळ्यांदेखत झाल्या. गेंदालालनं पाण्यात हात घातला आणि नाकाशी नेला. मलाही तो वास आला. मग मी, ज्या आवाजात मुलांनी काच फोडली की ओरडते त्या आवाजात, सगळ्यांसमोर ओरडले, "नाना! नळाचं पाणी भरलंत? क्लोरीन असतं त्यात! एवढं साधं कळू नये तुम्हाला?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग टोपी काढलीत आणि गेंदालालकडे वळून म्हणालात, "गलती हो गई भैया मेरे से. बुढापा है."

खरं सांगते नाना, त्या क्षणी मला आठवत नव्हतं. परत येताना महूच्या अलीकडे रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली आणि माझाच आवाज माझ्या कानात आला, हो नाना, चालेल, भरा. तुम्ही शेजारी डोळे मिटून बसला होतात. झोपला नव्हतात हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि फाटकही उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. घरी गेल्यावर बोलू म्हटलं. घरी आल्यावर उद्या बोलू म्हटलं. जे पहिल्या दिवशी एका वाक्याचं काम होतं, ते महिन्याभरानं माझ्यानं उचलेना.

केवटांनी मग काम सोडलं. गेंदालाल फोन घेईना. मला परीक्षा होत्या, नसत्या तर मी काढल्या असत्या. तुम्ही दर रविवारी एकटे बसनं जायला लागलात. पहिल्या दोन खेपांना तुमच्याशी कुणी बोललंच नाही, तुम्ही भिंतीवर बसून डबा खाल्लात आणि परत आलात, हे मला फार पुढे गेंदालालच्या बायकोनं सांगितलं. तिसऱ्या खेपेला तिनंच हाक मारली, "ओ नल वाले साहब, चाय पियोगे?" ते नाव चिकटलं ते कायमचं. तुम्ही घरी येऊन हसत सांगितलंत, "आता मी तिकडे नल वाले साहब झालो, बोलो!" अविनाश हसला, तुमचा नातू तर लोळायचा बाकी राहिला. मी ताक आणायला उठले.

कधी वाटतं, तुम्ही हे हिशेबानं केलंत. म्हाताऱ्या माणसाच्या चुकीला लोक हसतात आणि सोडून देतात. कॉलेजच्या मॅडमला सोडलं नसतं, आणि काम तिथेच थांबलं असतं. कधी वाटतं, हिशेब वगैरे काही नाही, तुमचा स्वभावच तसा. कोणतं खरं ते विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

तुम्ही एकदा कॉलेजात आला होतात, आठवतं? मला घ्यायला म्हणून, आणि वेळ होता म्हणून मागच्या बाकावर येऊन बसलात. त्या दिवशी नेमकं टाकीतल्या पाण्याचंच प्रकरण होतं. तुम्हाला बघितलं आणि मी ते पान सोडून सरळ माशांच्या आहारावर गेले. पुढच्या बाकावरची एक मुलगी गोंधळून पानं चाळायला लागली. तेवढ्यात मागून तुमचा हात वर. "मैडम, एक डाउट है. मछली को डकार आती है क्या?" माशाला ढेकर! सगळा वर्ग हसून हसून वेडा झाला. मीही हसले, आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उगाच लिहीत राहिले.

पण त्यानंतरचे दोन हिवाळे! नाना, मी इंदूरला वीस वर्षं काढली होती, पण मला इथे नदी नव्हती. कृष्णपुऱ्याला राजघराण्याच्या समाध्यांपाशी, छत्र्यांपाशी, आहे ती नाकाला पदर लावून ओलांडायची. तुम्ही मला नदी दिलीत. पात्रातलेच दगड, थोडं सिमेंट, दहा-पंधरा माणसं. तुम्ही पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन प्रत्येक कुंडाची पातळी तपासायचात. गेंदालाल तुमच्या शेजारी बसून आपला हात कोपरापर्यंत लावून तेच मोजायचा, आणि बहुतेक वेळा दोन्ही मापं जुळायची. नाही जुळली की तुम्ही दोघं अर्धा अर्धा तास भांडायचात, मग चहा व्हायचा.

आपलं भांडण वेगळं होतं. तुम्हाला सगळी कुंडं एकसारखी हवी होती. रोज रात्रीच्या जेवणाला तुम्ही वाट्या ओळीत मांडायचात. "एकसारखं पाहिजे. इंजिनिअरिंग आहे, रांगोळी नाही." मी मधली वाटी काढून तिथे लोणच्याची बरणी ठेवायची. "नाना, मासा जिना चढत नाही, नदी चढतो. दमला की त्याला टेकायला जागा लागते." तुम्ही बरणी उचलून लोणचं वाढून घ्यायचात आणि वाटी पुन्हा जागेवर. शेवटी गेंदालालनं कुणाला न विचारता तिसऱ्या कुंडात एक मोठा धोंडा आणून टाकला. तुम्ही चरफडलात, नळी लावून बघितलीत, आणि राहू दिलात. पहिल्या पावसाळ्यात एकही बाडस वर गेली नाही तेव्हा तुम्ही धोंड्याला दोष दिलात, मी तुमच्या चढाला. गेल्या वर्षी बारीक मासे चढले, पण एक बाडस दुसऱ्या कुंडापर्यंत येऊन परत फिरली. तुम्ही त्या रात्री ताट पुढे येताच म्हणालात, "दोन बोटं जास्त आहे. दुसऱ्याची उडी दोन बोटं जास्त आहे." तुमचं एवढं कबूल करणं म्हणजे माझ्यासाठी सणच होता. मी मात्र काहीच कबूल केलं नाही. तुमच्या नळीशिवाय एका कुंडात ओंजळभर पाणीसुद्धा उभं राहिलं नसतं, हे तेव्हा म्हणायला हवं होतं.

ती दोन बोटं छाटायला तुम्ही या उन्हाळ्यात छिन्नी घेऊन कोरड्या कुंडात बसलात. गेंदालाल हातोडा मारायचा, तुम्ही छिन्नी धरायचात. त्यानंतरच तुमचा दम वाढला. अविनाश माझ्यावर चिडला, तुला नाही म्हणता येत नाही का त्यांना, म्हणून. येत नव्हतं. मला वाटायचं, एक तरी बाडस वर जाऊ दे, मग मी सांगेन. आनंदाच्या भरात सांगितलं की सोपं जाईल. किती भित्री होते मी.

पलासियाच्या दवाखान्यात मी शेवटचा प्रयत्न केला. तुमच्या तोंडावर मास्क होता. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "नाना, त्या दिवशीच्या पाण्याचं मला तुम्हाला..." तुम्ही मास्क बाजूला केलात. "पाटीदारला सांग, फळी काढून ठेव. पाऊस केव्हा पण येईल." मी म्हटलं, "सांगते, पण आधी माझं ऐका." तुम्ही माझ्या हातावर दोन बोटांनी थोपटलंत आणि डोळे मिटलेत. मला थांबवलंत, की खरोखरच फळीची काळजी होती? मी बाहेर जाऊन पाटीदारला फोन केला. आत आले तर तुम्ही झोपला होतात. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तर परवा मी एकटीच गेले. बारा वाजायला आले होते. गेंदालाल होता, त्याची बायको, पाटीदार, आणि खालच्या एका गावातली सात-आठ माणसं. त्यांच्याही ओढ्यावर बंधारा आहे, म्हणून ती बघायला आली होती. गेंदालाल त्यांना सगळं सांगत होता, मोजकं बोलणारा माणूस त्या दिवशी थांबत नव्हता. बोलता बोलता तो ड्रमच्या गोष्टीवर आला. "एक साहब थे हमारे. नल का पानी भर लाए मछली के लिए! इंदौर वाले!" सगळे हसले. तोही हसला, आणि गमछ्यानं डोळे पुसले. प्रेमानंच सांगत होता तो.

मीही हसणार होते, मला तीन वर्षांची सवय होती. पण नाना, आजवर त्या गोष्टीला सगळ्यांत आधी तुम्ही हसायचात, म्हणून ती गंमत होती. परवा तुम्ही नव्हतात. तुमच्याशिवाय ती गंमत राहिली नाही, नुसता तुमच्या नावावरचा डाग राहिला. ही माणसं आपल्या गावात जाऊन तेच सांगणार, आणि तुम्ही कायमचे तेवढेच उरणार.

"वो गलती उनकी नहीं थी," मी म्हणाले. "उन्होंने मुझसे पूछा था. मैंने हां बोला था. और यहां सबके सामने उनको डांटा मैंने."

पाटीदार चपलेकडे बघायला लागला. गेंदालाल माझ्याकडे एकटक बघत होता. "तीन साल, मैडम," तो म्हणाला. "तीन साल हमने उनको नल वाला बोला. आप सुनती रहीं?"

"हां."

तो उठला आणि कुंडांच्या दिशेनं चालता झाला. त्याची बायको माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेली. मला वाटलं, संपलं. तुम्ही तीन वर्षं बसनं हेलपाटे घालून जे जोडलंत ते मी दोन वाक्यांत तोडलं. तरी खोटं नाही सांगत, भीतीच्या खाली कुठेतरी मला हलकंही वाटत होतं. मी त्यांच्या मागे निघाले. माफी मागायची होती की परत जायची परवानगी, मलाही ठाऊक नव्हतं.

गेंदालालनं मागे न बघता हात आडवा केला. थांबा. माझी सावली पाण्यावर पडत होती, म्हणून मी दोन पावलं मागे झाले. मग मला दिसलं. दुसऱ्या कुंडात एक काळसर पाठ. मोठी होती नाना, माझ्या हाताएवढी. ती पाण्याच्या धारेत तोंड घालून उभी राहिली, एकदा मागे सरकली, आणि उसळली. तुम्ही छाटलेल्या कडेवरून तिचं पोट घासत गेलं आणि ती तिसऱ्यात पडली. तिथे धोंड्याआड जाऊन ती थांबली. बराच वेळ थांबली. म्हणजे आपण दोघंही बरोबर होतो, आता वाद घालायला तुम्ही नाही. मग चौथं, मग पाचवं, आणि एक शेपटी हलली, वरच्या रुंद पाण्यात. पाटीदारनं हात जोडले होते. मी रडत होते आणि ते पुसायचंही मला सुचत नव्हतं.

गेंदालाल पाण्याकडेच बघत म्हणाला, "हमको क्यों बोला? उनको बोलना था."

"अब कहां बोलूं, गेंदालालजी?"

"अस्थि कहां छोडी?"

"नर्मदा में."

त्यानं खाली वाहत जाणाऱ्या आमरीकडे हात केला. "तो ये पानी वहीं जाता है. बोल दो."

इतक्या माणसांसमोर मला कसंतरीच वाटलं. मी पाण्याजवळ जाऊन उभी राहिले आणि मराठीत म्हणाले, नाना, तुम्ही मला विचारलं होतंत, मी हो म्हटलं होतं.

"जोर से, मैडम," गेंदालाल मागून म्हणाला. "पानी की आवाज बहुत है."

मी पुन्हा म्हणाले. ओरडून म्हणाले.